लिंक नाही फक्त

मराठी भाषेत कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त माणसांना घरी पाठवणारं वाक्य कोणतं, अशी स्पर्धा कोणी ठेवली तर पहिलं बक्षीस 'लिंक नाही' या वाक्याला द्यावं लागेल. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे दुसरं येईल आणि 'उद्या या' याला उत्तेजनार्थ काहीतरी द्यावं लागेल. पण 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' यात निदान साहेब आहेत. माणूस दाराशी बसून राहू शकतो. 'उद्या या' यात निदान उद्या आहे. 'लिंक नाही' या वाक्यात कोणीच नाही. कर्ता नाही, वेळ नाही, पत्ता नाही. आमच्या व्याकरणाच्या मास्तरांनी हे वाक्य फळ्यावर लिहून 'कर्ता ओळखा' असं म्हटलं असतं, तर अख्खा वर्ग तास संपेपर्यंत बाकावर उभा राहिला असता.

मी बी. कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. कोणत्या बँकेत ते सांगत नाही. पेन्शन अजून घ्यायचं आहे. राहतो बोरीला. परभणीहून जिंतूरकडे निघालात की हे गाव लागतं. पुढं येलदरीचं धरण बघायला जाणारी मंडळी गाडीच्या काचेतून आमच्याकडे बघतात आणि आम्ही त्यांच्याकडे बघतो, एवढाच आमचा पर्यटनाशी संबंध. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आमच्या जिल्ह्याला कोणी चिकटवली ठाऊक नाही. पण ज्यानं केली त्याला पुढं संगणकाची जोडणी येणार आहे हे आधीच कळलं असावं.

आमच्या भागात 'पाऊस नाही', 'लाइट नाही' आणि 'लिंक नाही' ही तीन वाक्यं एकाच सुरात म्हटली जातात. दुष्काळाची सवय असलेल्या मुलखात 'नाही' हा शब्द लवकर पचतो. माणूस एकदा आभाळाकडे बघतो, एकदा खिडकीकडे बघतो आणि पिशवी काखेत मारून चालू लागतो. माझं भांडण नेमकं इथं आहे. पाऊस आभाळातून पडतो. लिंक आभाळातून पडत नाही. ती माणसांनी बसवलेली असते, माणसांनी लिहिलेली असते, आणि तिचं काय करायचं हे माणसांनीच ठरवलेलं असतं. तिला पावसाच्या रांगेत बसवणं म्हणजे चोरी झाल्यावर पंचांगात कारण शोधण्यासारखं आहे.

कोणी म्हणेल, बँकेच्या कारकुनानं संगणकात कशाला नाक खुपसावं? त्यानं आपल्या नोटा मोजाव्यात. त्याला माझं उत्तर असं, की संगणकवाल्यांनीच आधी आमच्या धंद्यात नाक खुपसलं. १९७० च्या जून महिन्यात एडगर कॉड नावाच्या इंग्रज गणितज्ञानं एक निबंध छापला. हे गृहस्थ कॅलिफोर्नियात सॅन होजे इथं आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. आज आपली खाती ज्या पद्धतीनं संगणकात ठेवतात, तिचं मूळ त्या निबंधात आहे, आणि निबंधाच्या नावातच 'डेटा बँक्स' हे शब्द आहेत. म्हणजे माहितीसुद्धा बँकेतच ठेवायची, हे त्यांनी आमच्याकडे बघूनच म्हटलं असणार, असं आमच्या स्टाफरूमचं एकमतानं मत आहे.

कॉडसाहेबांचं म्हणणं, गणित बाजूला ठेवलं तर, आमच्या जुन्या लेजरकीपरचंच होतं. खातेदारांची नावं-पत्ते एका तक्त्यात, खाती दुसऱ्या तक्त्यात, व्यवहार तिसऱ्यात. प्रत्येक ओळीची ओळख पटेल असा एक क्रमांक. आणि विचारणाऱ्यानं 'मला हे पाहिजे' एवढंच म्हणायचं. ते कोणत्या कपाटाच्या कोणत्या खणात आहे, ही त्याची काळजी नाही. याला म्हणतात रिलेशनल डेटाबेस. माझ्या पुतण्यानं हा शब्द पहिल्यांदा घरात उच्चारला तेव्हा मुलगी पाहायला कुठं जायचं आहे असं आमच्या सौ.नी विचारलं होतं. पण हे रिलेशन म्हणजे सोयरीक नव्हे. तो गणितातला शब्द आहे. साध्या मराठीत तक्ता. या तक्त्यांसाठी कॉडसाहेबांना १९८१ साली संगणकशास्त्रातला मोठा मानाचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. आम्ही त्याच तक्त्यांवर आयुष्यभर लाल आणि निळ्या शाईनं रेघा मारल्या आणि आम्हाला दर दिवाळीला एक कॅलेंडर मिळालं.

पुतण्याची ओळख इथंच करून देतो. तो बी. सी. ए. झाला आहे आणि त्यानं एका कृषी सेवा केंद्रासाठी खत-बियाण्यांच्या बिलांचा प्रोग्राम लिहिला आहे. संगणकातलं मला जे कळतं ते त्याच्याकडून, आणि पैशातलं त्याला जे कळतं ते माझ्याकडून. हा व्यवहार रोखीचा नसल्यामुळे अजून टॅली झालेला नाही.

तर संगणकवाले आमच्या धंद्यात किती खोल शिरले, ते पुढं ऐका. १९८५ साली प्रश्न असा पडला, की निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं व्यवहार किती भराभर करतात हे मोजायचं कसं? तेव्हा जिम ग्रे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक कसोटी छापली. लेखकाच्या जागी चक्क 'अनामिक आणि इतर' असं होतं. आमच्याकडे अनामिक पत्र आलं तर आधी चौकशी होते. इथं ते जगभर मानलं गेलं. त्या कसोटीचं नाव 'डेबिट-क्रेडिट'. खिडकीवर गिऱ्हाईक येतं, पैसे भरतं किंवा काढतं. खात्याची बाकी बदलायची, कॅशिअरच्या पेटीची बाकी बदलायची, शाखेची बाकी बदलायची आणि झाल्या प्रकाराची एक नोंद लिहून ठेवायची. कल्पनेतली बँक १,००० शाखांची, १०,००० खिडक्यांची आणि १ कोटी खात्यांची. अट अशी, की १०० पैकी ९५ व्यवहारांना १ सेकंदाच्या आत उत्तर मिळालं पाहिजे.

म्हणजे बघा, १९८५ साली जगातले संगणक परीक्षेला बसले ते बँकेच्या खिडकीवर. पेपर आमचा, परीक्षक आम्ही आणि वेळ एक सेकंद. त्यानंतर यंत्रं किती पटींनी वेगवान झाली याचा हिशेब मी करत नाही, कॅल्क्युलेटरवर शून्यं मावत नाहीत. आणि आज त्याच खिडकीवरून उत्तर जातं : 'गुरुवारी बघा.' वही चांगली, यंत्र चांगलं, खिडकी तीच. मग बिघडलं कुठं? बिघडलं ते दोघांच्या मधे. टेबलावरचा प्रोग्राम आणि लांबची वही यांना जोडणाऱ्या जागेत. आणि ही जागा कोणाचीच नाही, अशी सगळ्यांनी मिळून समजूत करून घेतली आहे.

पूर्वी लिंक दोन पायांवर चालायची. स्लिप आली की पितळी टोकन द्यायचं, स्लिप लेजरकीपरकडे, तिथून ऑफिसरकडे, तिथून कॅशिअरकडे. ही नेआण करायचा शिपाई. तो चहाला गेला तर व्यवहार थांबायचे, हे खरं; पण मॅनेजर दारात उभा राहून त्याच्या नावानं हाक मारायचा. लिंकला नाव होतं, पगार होता आणि रजेचा अर्ज होता.

मग संगणक आला. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीनं यांत्रिकीकरणाचा रस्ता आखला, युनियनांनी भांडून करार केले आणि शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. तेव्हाही वही शाखेतच होती. खरा बदल नंतर झाला, कोअर बँकिंगच्या वेळी. वही शाखेतून उठली आणि शहरात जाऊन बसली. यात वाईट काही नाही. पुण्यात कंपनीत लागलेला पोरगा संध्याकाळी पैसे टाकतो आणि सकाळी इथं त्याची आई काढते, हा चमत्कार माझ्या डोळ्यांसमोर रोज होतो आणि रोज मला तो आवडतो. मी संगणकाचा वैरी नाही. माझी तक्रार एवढीच, की वही शहरात नेताना तिच्याबरोबर खिडकीचे जुने नियम न्यायचे राहिले. शंभर वर्षं चोरांशी, लबाडांशी आणि विसरभोळ्यांशी झगडून बँकांनी जे नियम केले, ते जोडणी लिहिणाऱ्याला कोणी सांगितलेच नाहीत. आपण एकेक बघू.

पहिला नियम चावीचा. मी पुतण्याला विचारलं, "तुझा प्रोग्राम त्या डेटाबेसला जोडतोस कसा?"

"सोपं आहे, काका. चार गोष्टी लागतात. वही कोणत्या यंत्रावर आहे, वहीचं नाव काय, मागणारा कोण आणि त्याचा पासवर्ड. सगळं एका ओळीत लिहायचं. तिला कनेक्शन स्ट्रिंग म्हणतात."

"ही ओळ ठेवतोस कुठं?"

"प्रोग्रामच्या शेजारी, एका फाइलीत."

"ती उघडते कशात?"

"नोटपॅडमध्ये."

"आणि हा मागणारा कोण?"

"एस. ए. म्हणजे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. त्याला सगळंच करता येतं, काका. मधे मधे अडत नाही."

माझ्या हातातला चहा हातातच राहिला. आमच्या स्ट्राँगरूमला दोन चाव्या असतात, दोन माणसांकडे. एकटा मॅनेजरसुद्धा ती उघडू शकत नाही, मग तो कितीही सज्जन असो. जॉइंट कस्टडी म्हणतात तिला. आणि इथं अख्ख्या तिजोरीची एकच चावी, तीही दाराच्याच खिळ्याला टांगलेली, वर चिठ्ठी : 'सगळं उघडतं'. हा काही पुतण्याचा एकट्याचा शोध नव्हे. २००२ च्या मे महिन्यात याच 'एस. ए.'चा पासवर्ड कोराच ठेवलेल्या यंत्रांमधून एसक्यूएलस्नेक नावाचा किडा जगभर हिंडून आला. ज्याला फक्त वाचायचं आहे त्याला फक्त वाचायची परवानगी द्यावी, ज्याला नोंद करायची त्याला नोंदीपुरती. आणि खरं म्हणजे टेबलावरच्या प्रोग्रामनं तिजोरीत जाऊच नये. गिऱ्हाईक स्लिप देतं, पासिंग ऑफिसर ती बघतो, मग पैसे निघतात. तसा एक पासिंग ऑफिसर प्रोग्राम आणि वही यांच्यामधे बसवता येतो. चांगल्या ठिकाणी बसवतातही. पण मधला माणूस काढून टाकला की काम लवकर होतं, हा समज भाजीबाजारापासून संगणकापर्यंत सगळीकडे आहे.

दुसरा नियम 'फक्त' या शब्दाचा. विड्रॉलवर 'रुपये पाचशे' लिहून पुढं 'फक्त' लिहितात आणि आडवी रेघ मारतात. शाळेतल्या पोरांनाही हे शिकवतात, पण का ते सांगत नाहीत. कारण मोकळ्या जागेत दुसऱ्याला लिहिता येतं. पुतण्याच्या प्रोग्राममध्ये गिऱ्हाइकाचं नाव जसं टाइप करावं तसं सरळ डेटाबेसला विचारायच्या वाक्यात चिकटवलं जायचं. आता नावाच्या जागी एखाद्यानं अवतरणचिन्ह टाकून वाक्य मधेच बंद केलं आणि पुढं स्वतःचा हुकूम लिहिला, तर वही बिचारी तो हुकूमही पाळते. ही युक्ती १९९८ साली जाहीर छापून आली आहे आणि अजूनही चालते, कारण अजूनही लोक रेघ मारत नाहीत. उपाय आपल्या छापील फॉर्मचाच आहे. वाक्य आधी छापून ठेवायचं, नावासाठी एक चौकोन सोडायचा आणि वहीला बजावायचं, की चौकोनात जे येईल ते नाव समज, हुकूम समजू नकोस. पुतण्यानं एका दुपारी सगळे चौकोन आखून टाकले. जोडणीत 'फक्त' लिहायला इतकाच वेळ लागतो.

हे दोन नियम चोरांसाठी. पुढचे दोन रांगेतल्या माणसांसाठी, म्हणजे 'लिंक नाही' या वाक्याच्या पोटातले.

तिसरा नियम टोकनाचा. डेटाबेसशी दर वेळी नव्यानं ओळख करून घ्यायला वेळ जातो, म्हणून काही जोडण्या तयार ठेवतात आणि आळीपाळीनं वापरतात. मायक्रोसॉफ्टच्या एका नेहमीच्या पद्धतीत, कोणी बदललं नाही तर, एका प्रोग्रामला अशा १०० जोडण्या मिळतात. आमच्या पितळी टोकनांसारखंच. टोकन घ्या, काम करा, टोकन परत द्या. आता प्रोग्राम लिहिणारा परत द्यायचं विसरला तर? शंभर गिऱ्हाइकं टोकन खिशात घालून गावाला निघून जातात. एकशेएकावा माणूस येतो. बँक उघडी, कॅश भरलेली, कॅशिअर बसलेला, पण टोकन नाही. प्रोग्राम काही सेकंद वाट बघतो आणि हात वर करतो. जोडणीसाठी १५ सेकंद आणि प्रश्नाच्या उत्तरासाठी ३० सेकंद थांबायचं, हेही तिथं आधीच भरून ठेवलेले आकडे आहेत. अमेरिकेत कोणीतरी धीर किती धरायचा ते ठरवून ठेवलं आणि बोरीत रांगेतल्या माणसाला त्याचा निकाल कळतो : लिंक नाही. तार जागेवर, वीज जागेवर, लिंक ठणठणीत. नुसती टोकनं खिशात गेलेली!

चौथा नियम एका खेपेत सामान आणण्याचा. पोराला चहापत्तीला दुकानात पाठवलं, आल्यावर साखरेला पाठवलं, मग दुधाला, मग आल्याला, तर पाहुणा चहा न घेता निघून जाईल. कितीतरी प्रोग्राम नेमके असेच लिहिलेले असतात. नाव विचारलं, उत्तर आलं. खातं विचारलं, उत्तर आलं. मग एकेक व्यवहार, एकेक प्रश्न. प्रोग्राम आणि वही एकाच खोलीत असतील तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि प्रोग्राम लिहिणारा नेमका त्या खोलीत बसलेला असतो. पण खेड्यातल्या बऱ्याच शाखा उपग्रहाच्या छत्रीवर चालत आल्या आहेत. तो उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. प्रश्न वर जाऊन खाली उतरायचा, उत्तर वर जाऊन खाली यायचं, म्हणजे चार मजला. प्रकाशाच्या वेगानं पळालं तरी जवळजवळ अर्धा सेकंद. एका पासबुकासाठी ४० प्रश्न असले तर झाले २० सेकंद, आणि हेही सगळं सुरळीत चाललेलं असताना! दोष ना उपग्रहाचा, ना आकाशाचा. कॉडसाहेबांच्या तक्त्यांची तर खुबीच ही, की चार तक्त्यांमधलं सामान एका प्रश्नात मागता येतं. यादी करून एकदाच दुकानात जा, एवढं आमच्या आळीतली कोणतीही बाई सांगेल. तिला सल्लागार नेमलं पाहिजे.

आणि आता शेवटचा नियम. यासाठीच हा सगळा खटाटोप.

श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. ते काढायला एखादी म्हातारी येते. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी २०२२ पासून फुकट आणि बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, हे सरकारनं चांगलं केलं. पण एसटीनं तिकीट माफ केलं तरी दिवस कोण माफ करणार? तिच्याबरोबर आलेल्या सुनेची त्या दिवशीची कापूस वेचायची मजुरी बुडालेली असते. मी रक्कम भरतो, बटण दाबतो आणि पडद्यावरचं चक्र फिरत राहतं. फिरतं, फिरतं आणि मग इंग्रजीत एक ओळ येते. ती ओळ मला वाचता येते, म्हातारीला येत नाही, आणि अर्थ दोघांनाही सारखाच कळतो, म्हणजे काहीच नाही.

म्हातारी विचारते, "लेकरा, पैशे गेले का हायेत, तेवढं सांग."

वाचकहो, सगळ्या संगणकशास्त्रात याच्याइतका नेमका प्रश्न कोणी विचारलेला नाही. डेटाबेसचा व्यवहार अर्धा होत नाही. झाला तर सगळा होतो, नाहीतर मुळीच होत नाही. खात्यातून वजा झाले आणि पेटीत नोंद नाही, असं तो होऊ देत नाही. त्यासाठीच तो बनवला आहे, त्यासाठीच त्या जिम ग्रेला १९९८ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. म्हणजे पैसे गेले की आहेत, हे शहरातल्या त्या वहीला पक्कं ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते खिडकीला. कारण उत्तर परत येताना तार तुटली. बटण पुन्हा दाबलं तर दोनदा जातील की काय ही भीती. नाही दाबलं तर आजी रिकाम्या हातानं जाणार. मी दुसऱ्यांदा बटण दाबत नाही. पण मग तिच्या प्रश्नाचं उत्तरही माझ्याजवळ नसतं.

यावर उपाय आमच्याकडे संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. त्याचं नाव चेक नंबर. एकाच नंबरचा चेक दोनदा वटत नाही, मग तो कितीदाही पुढं करा. प्रत्येक व्यवहाराला निघण्यापूर्वीच असा एक क्रमांक द्यायचा. तार तुटली तर जोडल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा, की 'अमुक क्रमांक पोचला होता का?' पोचला असेल तर झालं. नसेल तर तोच क्रमांक पुन्हा पाठवायचा. दोनदा पोचला तरी वहीनं एकदाच धरायचा. यात कोणती मोठी विद्या आहे? हे करणारे प्रोग्राम जगात आहेत. ज्यांना करायचं नव्हतं त्यांनी 'लिंक नाही' हे वाक्य ठेवलं.

रिझर्व्ह बँकेला हा प्रश्न ऐकू गेलेला आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात तिनं मुदती ठरवून दिल्या. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत. त्यापुढं उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही गिऱ्हाइकानं न मागता. कार्ड आहे, यूपीआय आहे, आधारचा अंगठा आहे, सगळ्यांना मुदत आहे. त्या यादीत फक्त खिडकीवर उभा असलेला माणूस नाही. यंत्रासमोर फसलात तर दिवसाला शंभर रुपये. माझ्यासमोर फसलात तर माझं सहानुभूतीचं तोंड. हा यंत्राचा मान आहे की माणसाचा अपमान, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

मोठे साहेब यावर म्हणतात, "अहो, ग्रामीण भागात नेटवर्कच नसतं, त्याला काय करणार?" खरं आहे, नसतं. रस्ता रुंद करणारा जेसीबी केबल उपटतो. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली असते. वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटं संदेश बुडवतो. ते तर ग्रहणासारखं आधी मांडता येतं. पण साहेब, तार तुटणार हे पक्कं ठाऊक असेल तर न तुटणाऱ्या तारेसाठी लिहिलेला प्रोग्राम आम्हाला का देता? मे महिन्यात परभणीत पत्र्याच्या शेडमध्ये बिनपंख्याचं दुकान थाटणाऱ्यानं उन्हाला बोल लावू नये. ऊन इथलंच आहे, तो नवीन आला आहे.

आणखी एक गोष्ट. 'लिंक नाही' हे वाक्य लिहितो शहरातला माणूस. ते म्हणावं लागतं मला. शिव्या मराठीत येतात आणि त्या इंग्रजी ओळीपर्यंत पोचत नाहीत, कारण तिकडे जायलाही लिंक लागते. म्हणून माझी सूचना अशी, की जोडणी लिहिणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून एक आठवडा खेड्यातल्या शाखेत खिडकीवर बसवावं. पगारवाटपाचा किंवा पीकविम्याचा आठवडा असल्यास उत्तम. चहा मी पाजीन. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तो टोकनं परत द्यायला शिकेल, दुसऱ्या दिवशी चाळीस प्रश्नांचा एक करील, आणि तिसऱ्या दिवशी एखादी आजी त्याला तिचा तो प्रश्न विचारील. त्यानंतर त्याला काही शिकवायची गरज उरणार नाही.

तोपर्यंत बँकांनी, पतपेढ्यांनी, तहसिलातल्या खिडक्यांनी आणि जिथं जिथं लांबच्या वहीवर कारभार चालतो त्या सर्वांनी 'लिंक नाही' हे वाक्य बोलायला बंदी करावी. त्याच्या जागी छापील चिठ्ठी द्यावी. तीवर तीनच ओळी असाव्यात : तुमचे पैसे गेले की आहेत, पुन्हा किती वाजता यायचं, आणि नाही झालं तर कोणाला विचारायचं. तिसऱ्या ओळीत पद नको, माणसाचं नाव हवं. नावापुढं 'फक्त' लिहावं आणि आडवी रेघ मारावी, म्हणजे तिथं मागाहून कोणाला 'सर्व्हर' असं लिहिता येणार नाही.